शनिवारची मॅच

हार्बर लाइनने तुम्ही कधी नेरूळला आलात, तर स्टेशनबाहेर कुणालाही विचारा, "स्टेडियम कुठं आहे हो?" "कुठलं स्टेडियम?" असं उलट कुणी विचारणार नाही. नुसतं बोट दाखवेल. आणि एस.टी.ने पुण्याकडे निघाला असाल, तर सायन-पनवेल हायवेवरून ते न विचारताच दिसतं. डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियम! २००८ साली ते सुरू झालं. आत प्रेक्षकांच्या डोळ्यांआड एकही खांब येत नाही, त्यामुळे अगदी वरच्या रांगेत बसलं तरी सगळं मैदान ताटात वाढल्यासारखं समोर असतं. ज्यांच्या नावाचं हे स्टेडियम, ते पाटीलसाहेब मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातले. माझंही माहेर कोल्हापूर, म्हणून जरा मिरवून सांगते, बरं का!

मी नवी मुंबईतल्या एका शाळेत पाचवी-सहावीला शिकवते. मुलं मला 'बाई' म्हणतात. फुटबॉल मी स्वतः कधी खेळले नाही. पण कोल्हापूरच्या पेठेत जन्मलेल्या माणसाला फुटबॉल कळत नाही, असं म्हणायची सोय नाही. ते का, ते पुढे सांगते.

आधी या स्टेडियमची एक आठवण ऐका. २०१७ साली सतरा वर्षांखालच्या मुलांचा फुटबॉलचा वर्ल्ड कप आपल्या देशात झाला. भारताच्या मुलांचे सामने दिल्लीला होते, पण एक उपांत्य सामना आमच्या नेरूळला आला. २५ ऑक्टोबरचा तो दिवस. दिवाळीची सुट्टी चालू होती. घरात चिवड्याचे डबे अजून रिकामे व्हायचे होते. मी आमच्या बिल्डिंगमधली चार मुलं आणि माझा भाचा अशी वरात घेऊन गेले. स्पेनविरुद्ध आफ्रिकेतला माली. आमची सगळी वरात मालीच्या बाजूची! का, ते विचारू नका. आमच्या मुलांनी ठरवलं होतं, एवढं खरं. मालीच्या एका खेळाडूने लांबून असा फटका मारला, की चेंडू वरच्या दांडीला लागून खाली पडला, तो थेट गोलरेषेच्या आत. आम्ही उड्या मारल्या. पंचांनी गोल दिलाच नाही! भाचा इतका चिडला, की घरी येईपर्यंत त्याने पाणीसुद्धा प्यायलं नाही. शेवटी स्पेनने ३-१ असा सामना जिंकला.

स्पेनचा तिसरा गोल ज्याने केला, त्याचं नाव फेरान तोरेस. आता तुमच्यापैकी फुटबॉलवेड्यांचे कान टवकारले असतील. हो, तोच, पुढे बार्सिलोनाकडून खेळला तो. तो व्हॅलेन्सिया शहराजवळच्या फोयोस नावाच्या छोट्या गावचा. आणि २०२२ साली याच मैदानावर सतरा वर्षांखालच्या मुलींच्या वर्ल्ड कपचा अंतिम सामना झाला. तोही स्पेननेच १-० असा जिंकला. पण हरलेल्या कोलंबियाच्या संघात लिंडा कायसेदो नावाची मुलगी होती. ती व्हिल्यागोर्गोना या गावातली. लहानपणी मुलांच्यात खेळायची. चौदाव्या वर्षी तर ती मोठ्या बायकांच्या लीगमध्ये उतरली होती. चौदाव्या वर्षी म्हणजे आपल्याकडे आठवी-नववीत!

मला तेव्हापासून एक प्रश्न पडला आहे. ही गावाकडची मुलं नेरूळपर्यंत आली कशी? विमानानं आली, ते मलाही माहीत आहे. पण त्याआधी काय झालं?

खेड्यातली मुलं शोधायला मला लांब जावं लागत नाही. नवी मुंबई बाहेरून सगळी सेक्टरांची आणि उड्डाणपुलांची दिसते. पण १९७० साली सिडको आलं, तेव्हा इथं भातशेती होती, मिठागरं होती, आगरी-कोळी लोकांची गावं होती. ती गावं अजून आहेत. सेक्टरांच्या मधोमध गावठाण म्हणून उभी आहेत. नेरूळ गाव, शिरवणे, दारावे, करावे, घणसोली. आमच्या वर्गात गावठाणातली मुलं आहेत, आणि मराठवाड्यातून, खानदेशातून, उत्तर प्रदेशातून आई-वडिलांबरोबर कामासाठी आलेलीही आहेत. बांधकाम चालू असेल तोवर इथं, संपलं की दुसरीकडे. या मुलांचे पाय बघा एकदा! अनवाणी, खडीवरून, इतकी पळतात की मला वर्गाच्या खिडकीतून बघून धाप लागते.

२०१७ च्या वर्ल्ड कपच्या आधी महाराष्ट्रात १५ सप्टेंबरला दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळायचा, असा मोठा कार्यक्रम झाला होता. शाळाशाळांतून चेंडू आले. तुमच्याही शाळेत आले असतील, तुमच्या ताई-दादांना विचारा. आमच्याकडे तो दिवस म्हणजे जत्राच होती. सगळी शाळा एका चेंडूमागे! मग चेंडू कपाटात गेले. एक-दोघांची हवा गेली. पंप कुणाकडेच नव्हता. हा सगळ्यांचाच आळस, त्यात माझाही वाटा आहे.

त्यानंतर काही वर्षांनी आमचा संघ एका आंतरशालेय स्पर्धेत उतरला. बत्तीस संघ होते. आमच्यात एक मुलगी होती. तिचं नाव मी सांगणार नाही, कारण तिला विचारलेलं नाही. आपण तिला 'सात नंबर' म्हणू, तिच्या शर्टावर सात होता. पंधरा मिनिटांचा एक भाग, असे दोन भाग. आम्ही ०-३ ने हरलो. चपला घातल्या, वडापाव खाल्ला, बसमध्ये बसलो. सात नंबरने मला विचारलं, "बाई, पुढची मॅच कधी?"

मी म्हटलं, "पुढच्या वर्षी."

तिला वाटलं मी गंमत करते आहे. ती हसली. मग मी हसत नाही असं पाहून खिडकीतून बाहेर बघत बसली.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर एक गणित घातलं. तुम्हीही सोडवा. बत्तीस संघ, बाद पद्धत, म्हणजे हरला तो घरी. एकूण सामने किती? पोरांनी वहीत सोळा अधिक आठ अधिक चार असं मांडायला सुरुवात केली. त्याची गरज नाही. प्रत्येक सामन्यात एकच संघ घरी जातो. शेवटी एक विजेता उरायचा, तर एकतीस जणांना घरी पाठवावं लागणार. म्हणून सामने एकतीस. आता दुसरा प्रश्न. किती संघ फक्त एकच सामना खेळून घरी गेले? सोळा! निम्मे! आणि गंमत म्हणजे हे निम्मे म्हणजे ज्यांना सरावाची सगळ्यात जास्त गरज होती तेच. जो आधीच चांगला, तो पाच सामने खेळून आणखी चांगला झाला. जो कच्चा, तो अर्धा तास खेळून वर्षभर घरी.

वर्गात शांतता झाली. मग मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, ही तर फसवणूक आहे!"

फसवणूक नाही रे बाळांनो. वेळ आणि मैदान दोन्ही कमी असलं, की बाद पद्धत सोयीची पडते. शाळांचा मोठा सुब्रतो कप १९६० पासून चालू आहे. भारतीय हवाई दलाचे प्रमुख सुब्रतो मुखर्जी यांच्या नावाचा. त्यातही खालून वर चढत दिल्लीला पोचायचं असतं आणि खालच्या फेऱ्या बहुधा बाद पद्धतीच्याच असतात. अशा स्पर्धा हव्यातच. पण त्यावर मूल तयार होत नाही. परीक्षा वर्षातून एकदा असते म्हणून आपण शाळाही वर्षातून एकदाच भरवतो का?

आता घणसोलीला चला. ठाणे-बेलापूर रस्त्याला लागून तिथं रिलायन्सची मोठी वसाहत आहे आणि तिच्यात त्यांच्या फाउंडेशनची फुटबॉलची निवासी अकादमी आहे. २०१५ साली सुरू झालेली. देशभरातून मुलं निवडतात. राहणं, जेवण, शाळा, शिक्षण सगळं शिष्यवृत्तीवर. आमच्या मुलांना ही गोष्ट समजल्यावर एक जण म्हणाला, "बाई, ते निवडतात कसे?" मी सांगितलं, "त्यांची माणसं ठिकठिकाणी मुलांचा खेळ बघायला जातात." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पण ते आपल्याकडे आले, तर त्या दिवशी आपली मॅच असेल का?"

याला काय उत्तर देणार, तुम्हीच सांगा.

म्हणून मी गेल्या हिवाळ्यात माहेरी गेले, तेव्हा दादाला म्हटलं, "मला स्टेडियमला ने." दादा वहिनीकडे बघून हसला. तुम्हाला सांगते, कोल्हापूरच्या घरात मॅचच्या दिवशी जपून बोलावं लागतं! आमचा दादा एका पेठेचा, वहिनी दुसऱ्या पेठेची. लग्नाला पंधरा वर्षं झाली, पण वहिनीची तालीम अजून माहेरचीच. त्या दिवशी दोघांच्या संघांची गाठ होती. सकाळी वहिनीने मिसळ वाढली ती नेहमीपेक्षा तिखट, असं दादाचं म्हणणं. माझा मुलगा मधल्या मध्ये विचारत होता, "मी कुणाचा?"

तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा, हे तुम्हाला माहीत असेल. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, खासबागचं मैदान बांधलं, आणि कोल्हापूरच्या पेठापेठांत तालमी झाल्या. पुढे याच तालमींतून फुटबॉलचे संघ उभे राहिले. म्हणून संघांची नावं ऐका : पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ. एक नाव तर आहे वाघाची तालीम! या सगळ्यांची लीग कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन भरवतं. लोक नुसतं 'के.एस.ए.' म्हणतात. सामने शाहू स्टेडियमवर होतात आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत हंगाम चालतो.

आम्ही सिमेंटच्या पायऱ्यांवर बसलो. एका बाजूला एका पेठेचे झेंडे, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या. आजोबा नातवाला घेऊन आलेले. भाजीवाले, रिक्षावाले, वकील, कॉलेजची पोरं, सगळे एका आवाजात ओरडणार. "हाण की रं!" "आरं, बघतोयस काय, पास दे!" माझ्या मुलाच्या मराठीत त्या दोन तासांत बरीच भर पडली. ती मला नंतर काढून टाकावी लागली.

पण मला बघायचं होतं ते वेगळंच. दादाने मला बाकावर बसलेला एक पोरगा दाखवला. मिसरूडही फुटलेलं नाही, सोळा-सतराचा असेल. दुसऱ्या भागात त्याला उतरवला. पहिल्याच धावेत समोरच्या तिशीतल्या बचावपटूने त्याला खांदा असा दिला, की पोरगं मैदानाबाहेर! मी डोळे मिटले. दादा म्हणाला, "अगं, काय न्हाई होत. उठतंय बघ." उठला. पुढच्या वेळी त्या बचावपटूच्या अंगावर गेलाच नाही. चेंडू आधीच पास करून बाजूने निघून गेला. दादा मांडीवर थाप मारून म्हणाला, "हे कोच शिकवत न्हाई. हे खांदा शिकवतोय."

मग त्याने एक गोष्ट सांगितली, ती मी वहीत लिहून ठेवली आहे. "पोर कसं हाय ते पहिल्या मॅचला कळत न्हाई. हरल्यावर पुढच्या आठवड्यात ते कसं उतरतंय, तवा कळतं. पण त्यासाठी पुढच्या आठवड्यात मॅच पाहिजे की न्हाई?"

वरिष्ठ गटात सोळा संघ आहेत. समजा, या सगळ्यांनी प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं ठरवलं, तर त्याला साखळी पद्धत म्हणतात. गणित सोपं आहे. प्रत्येक संघाला पंधरा प्रतिस्पर्धी, म्हणून सोळा गुणिले पंधरा. पण त्यात प्रत्येक सामना दोनदा मोजला गेला, म्हणून भागिले दोन. १२० सामने! आणि अशा साखळीत शेवटच्या नंबरचा संघसुद्धा पंधरा सामने खेळणार. आमचा सात नंबर खेळला होता एक.

सगळं गोडगोड आहे असं मी म्हणणार नाही. पेठांची ईर्षा कधीकधी हाणामारीवर येते, पोलिसांना मध्ये पडावं लागतं. मग लहान मुलांना घेऊन येणारे आई-वडील घरी राहतात. आणि अलीकडे संघ बाहेरून, अगदी आफ्रिकेतूनही, खेळाडू आणतात. त्यांच्याबरोबर खेळून पोरं शिकतात हे खरं. पण त्यांच्यामुळे पेठेतलं एखादं पोर बाकावरच राहतं, हेही खरं. दादाचं आणि माझं यावर एकमत झालं नाही. वहिनीचा संघ जिंकला होता, त्यामुळे तो तसाही चर्चेच्या मनःस्थितीत नव्हता.

याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या त्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला. रिक्षा चालवणाऱ्या वडिलांचा मुलगा. त्याला मात्र लहान वयातच घर सोडून पुण्याला बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत जावं लागलं. त्या वर्ल्ड कपमध्ये कोलंबियाविरुद्ध हेडरने गोल करणारा जॅक्सन सिंग मणिपूरचा. फिफाच्या स्पर्धेतला तो भारताचा पहिलावहिला गोल. तोही घर सोडून चंदीगडला शिकायला गेला होता. चांगली मुलं घर सोडतात, त्याला इलाज नाही. पण जी सोडत नाहीत, त्यांनी कुणाशी खेळायचं?

परतीच्या एस.टी.त झोप लागेना, म्हणून मी आणखी एक हिशेब केला. २०११ च्या जनगणनेत नवी मुंबई महापालिकेत ११ लाख २० हजार माणसं होती. आणि मिझोराम या अख्ख्या राज्यात १० लाख ९७ हजार. म्हणजे आमच्या शहराहून थोडी कमीच! तिथं २०१२ साली मिझोराम प्रीमियर लीग सुरू झाली. सामने तिथल्या केबलच्या चॅनलवर दाखवू लागले. संध्याकाळी लोक घरात बसून आपल्या गल्लीतल्या पोरांना टीव्हीवर बघायचे. चानमारी, दिनथार ही राजधानी ऐझॉलमधल्या वस्त्यांची नावं, आणि संघांचीही. अगदी आपल्या पेठांसारखं. पाचच वर्षांनी, २०१७ साली, ऐझॉलच्या संघाने देशातल्या मोठमोठ्या संघांना मागे टाकून आय-लीग जिंकली.

मग काय, सुट्टी संपल्यावर मी आमच्या सरांना आणि शेजारच्या दोन शाळांतल्या शिक्षकांना गाठलं. गावठाणातल्या तरुणांना भेटले. सहा संघ जमले. बारा वर्षांपर्यंतची मुलं-मुली एकत्र, एका बाजूला सात जण, सामना चाळीस मिनिटांचा. रविवारी मैदान क्रिकेटवाल्यांचं असतं, त्याला हात लावायची कुणाची छाती नाही! म्हणून शनिवार, दुपारी साडेचार. फक्कीने रेघा मारायच्या, गोलाला बांबू. देशाच्या फुटबॉल महासंघाने २०१८ साली लहान मुलांसाठी अशा छोट्या मैदानांच्या लीगना 'बेबी लीग' असं नाव दिलं होतं. मी ते वर्गात सांगितलं, तर पाचवीतली मुलं म्हणाली, "आम्ही काय बेबी आहोत?" म्हणून आमच्या लीगचं नाव फक्त 'शनिवार' आहे.

वेळापत्रक मुलांनीच केलं. ही युक्ती तुम्हीही करून बघा. सहा मुलांना वर तीन, खाली तीन असं समोरासमोर उभं करा. समोर जो आहे, त्याच्याशी सामना. ही पहिली फेरी. आता पहिल्या मुलाला जागचं हलू देऊ नका आणि बाकीच्या पाच जणांना संगीत खुर्चीसारखं एकेक घर सरकवा. ही दुसरी फेरी. असं पाचदा केलं, की प्रत्येकाची प्रत्येकाशी बरोबर एकदा गाठ पडते. एकूण सामने पंधरा. सात नंबरने हा सगळा तक्ता एका कागदावर उतरवला आणि कंपासपेटीत घडी करून ठेवला.

पहिल्या शनिवारी आमचा संघ ०-६ ने हरला. सहा! घरी जाताना मुलं रडवेली. पण कुणीतरी म्हणालं, "पुढच्या शनिवारी गावठाणवाले आहेत." आणि रडणं तिथंच थांबलं, कारण गावठाणवाल्यांचा गोलकीपर कोण, यावर भांडण सुरू झालं. दुसरा सामना १-४. सात नंबर तोवर सगळ्यांसारखीच चेंडूमागे धावायची, गुळामागच्या मुंगळ्यासारखी. तिसऱ्या शनिवारी ती एकदम थांबली. मोकळ्या जागेत जाऊन उभी राहिली आणि हात वर केला. मी ओरडले, "अगं, पळ ना!" तिने माझ्याकडे लक्षच दिलं नाही. चेंडू तिच्याकडे आला, आणि समोर कुणी नव्हतं. सामना २-२. मला काय कळतं, हे तेव्हापासून वर्गात सगळ्यांना माहीत झालं आहे.

चौथ्या फेरीला मैदानावर हळदीचा मांडव! गावठाणातलं लग्न. मांडववाल्यांनी अर्धं मैदान सोडलं, त्यात आम्ही दोन्ही गोल जवळ आणून खेळलो. डीजेच्या आवाजात शिट्टी ऐकू येईना, म्हणून सरांनी पंच म्हणून लाल रुमाल हलवला. एक फटका असा गेला, की चेंडू थेट तांदळाच्या भाकऱ्यांच्या टोपलीत. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. एका आजींनी चेंडू उचलला, पदराने पुसला आणि म्हणाल्या, "खेला रे पोरांनो, खेला. पन खेलून झालां की जेवाला या." चौदा खेळाडू, दोन पंच, सगळे बदली खेळाडू आणि मी, असे आम्ही त्या हळदीला जेवलो.

एक चूक मात्र आम्ही केली. गुणतक्ता शाळेच्या भिंतीवर लावला. त्यावरून तिसरी-चौथीतली लहान मुलं एकमेकांना चिडवायला लागली. शेवटच्या नंबरच्या संघातली दोन मुलं शनिवारी 'पोटात दुखतं' म्हणून घरी राहिली. बेल्जियमचं उदाहरण तेव्हा माझ्या वाचनात आलं. तिथं सात-आठ वर्षांच्या मुलांच्या सामन्यांचे गुणतक्तेच काढून टाकले आणि त्यांना छोट्या मैदानावर कमी खेळाडूंत खेळवलं, म्हणजे प्रत्येकाच्या पायाला चेंडू जास्त वेळा लागतो. तोच बेल्जियम २०१८ च्या वर्ल्ड कपमध्ये तिसरा आला. आम्हीही तक्ता उतरवला. आता तो फक्त सरांच्या वहीत असतो. पण मुलांना तोंडपाठ असतो, ही गोष्ट वेगळी.

पाचवी फेरी सात नंबर खेळली नाही. तिच्या वडिलांचं इथलं बांधकाम संपलं आणि मुकादमाने त्यांना पुण्यापलीकडच्या दुसऱ्या साइटवर नेलं. बुधवारी ती शाळेत होती, गुरुवारी नव्हती. दाखलाही नंतर नेला. शर्ट तिने मैत्रिणीकडे धुऊन पाठवला होता. शनिवारी तो कुणालाच होईना, कारण सगळी म्हणायची, "नको, तिचा आहे." शेवटी आम्ही सहाच जण खेळलो आणि १-० ने जिंकलो. आमचा पहिला विजय. सरांनी पेढे आणले. मी एक कागदात बांधून कपाटात ठेवला आणि चार दिवसांनी टाकून दिला.

यंदा 'शनिवार'चं दुसरं वर्ष आहे. संघ आठ झाले आहेत. आठ संघांचे सामने किती, ते आता तुम्ही मला पत्राने कळवा. आणि गेल्याच महिन्यात, रात्री नऊच्या सुमाराला मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. मी "हॅलो" म्हणायच्या आतच पलीकडून, "बाई, मी!"

"अगं, कशी आहेस? शाळेत जातेस ना?"

"जाते. बाई, ऐका ना. बाबांचा फोन आहे, बॅलन्स कमी आहे. इथं पाच टीम झाल्यात. तो तक्ता मी सरकवून बघितला, पण पाच जण असले की एक उरतो. त्याचं काय करायचं?"

मी म्हटलं, "कागदावर सहावी टीम लिही. तिचं नाव ठेव 'सुट्टी'. ज्या टीमची गाठ सुट्टीशी पडेल, तिने त्या दिवशी खेळायचं नाही. रेघा मारायच्या आणि बाहेर गेलेले चेंडू आणून द्यायचे."

"सुट्टी," ती म्हणाली. मागे कुणीतरी लहान मूल रडत होतं, आणि तिची आई तिला फोन ठेवायला सांगत होती. "थांबा बाई, लिहून घेते."